गोवा पावडरीचा डाग

पुण्याच्या कोथरूडमधली औषधाची दुकानं संध्याकाळी सातनंतर गजबजतात. कर्वे पुतळ्यापासून डहाणूकर कॉलनीकडे वळा किंवा पौड रस्त्यानं वनाजच्या दिशेनं चालत जा, थोड्या थोड्या अंतरावर एखादं दुकान लागतंच. काउंटरवर गर्दी असते. कुणी गोळ्यांची रिकामी पट्टी दाखवतं, कुणी मोबाइलवर काढलेला चिठ्ठीचा फोटो. गर्दी जरा पांगली की मागे थांबलेला एखादा माणूस पुढे येतो, शर्टाची बाही कोपरापर्यंत सरकवतो आणि आवाज खाली आणून विचारतो, ‘‘याच्यावर काही आहे का हो? पांढरं पांढरं गळतं. खाज जात नाही.’’ दुकानदार वाकून बघतो. नायटा असेल किंवा सोरायसिस असेल. दोन्हींवर चालेल अशी एक छोटी ट्यूब तो काउंटरवर ठेवतो. ‘‘रात्री लावा.’’ एवढ्यावर व्यवहार संपतो.

पहिल्या रात्री विशेष काही होत नाही. दुसऱ्या रात्री हात जरा मोकळा सुटतो, मलम चट्ट्याच्या बाहेरही पसरतं, थोडं जांघेतल्या चट्ट्याला लागतं. तिसऱ्या दिवशी सकाळी चट्ट्याभोवती लालभडक कडं उठलेलं असतं. कातडी गरम लागते, बनियन चिकटतो, जांघेत सालपट निघून ओलं झालेलं असतं आणि चालताना पाय फाकवून टाकावा लागतो. चादरीवर जांभळट-तपकिरी डाग पडलेले असतात. ते धुऊन जात नाहीत. घरातलं वडीलधारं कुणीतरी धीर देतं, ‘‘जळतंय म्हणजे लागू पडतंय. चालू ठेव.’’

या तिसऱ्या दिवसाला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. ट्यूबमध्ये बहुतेक वेळा तिघे असतात: डायथ्रॅनॉल, सॅलिसिलिक आम्ल आणि कोलटार. भाजणारा त्यातला मुख्य डायथ्रॅनॉल. हे औषध बनावट नाही, भोंदूपणाचं तर मुळीच नाही. सोरायसिसवर खात्रीनं चालणारी जी जुनी औषधं आहेत त्यांत त्याचा मान मोठा आहे. चट्टा घालवणारा आणि कातडी जाळणारा गुण त्याच्या एकाच रेणूतून येतो. त्या दोघांना वेगळं करण्यासाठी डॉक्टरांच्या आणि परिचारिकांच्या तीन-चार पिढ्या खपल्या. त्या सगळ्या खटपटीची सुरुवात जिथून झाली ते ठिकाण मराठी माणसाच्या शेजारचंच आहे. डायथ्रॅनॉलच्या पूर्वजाचं बाजारातलं नावच होतं ‘गोवा पावडर’.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईच्या बाजारात ही पावडर मिळत होती. नायट्यावर, विशेषतः इंग्रज साहेब ज्याला ‘धोबी इच’ म्हणत त्या जांघेतल्या नायट्यावर, तिच्यासारखं दुसरं औषध नाही अशी तिची ख्याती होती. पिवळसर भुकटी, हवा लागली की गडद होत जाणारी. लिंबाच्या रसात किंवा शिरक्यात कालवून ती चोळायची. ती गोव्याहून येते यापलीकडे विकणाऱ्यांना काही ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक असलं तरी ते सांगत नव्हते. गुप्त औषध म्हणून तिला भाव होता. मुंबईतले औषधविक्रेते डी. एस. केम्प यांनी १८६४ मध्ये लंडनच्या औषधविक्रेत्यांच्या नियतकालिकात या पावडरीवर एक टिपण लिहिलं आणि ती पहिल्यांदा शास्त्रीय कुतूहलाचा विषय झाली. केम्प हे नाव मुंबईकरांच्या तोंडी अजून आहे. ‘केम्प अँड कंपनी’ या औषधाच्या दुकानावरूनच केम्प्स कॉर्नर ओळखला जाऊ लागला.

पुढची दहा वर्षं ही पावडर कशापासून बनते याचा पत्ता लागला नाही. १८७४ मध्ये सर जोसेफ फेरर यांनी लंडनच्या वैद्यकीय साप्ताहिकात तिच्याबद्दल लिहिलं. फेरर हिंदुस्थानात अनेक वर्षं काढलेले डॉक्टर. तो लेख समुद्र ओलांडून ब्राझीलमधल्या बाहिया शहरात पोहोचला आणि तिथले डॉक्टर दा सिल्व्हा लिमा यांनी तो वाचला. वर्णन वाचताच त्यांना आपल्या दारातली वस्तू ओळखू आली. १८७५ मध्ये त्यांनी कळवलं की तुमची गोवा पावडर ती आमचीच ‘अरारोबा’, बाहियाची भुकटी. पोर्तुगिजांच्या राज्यात बाहिया आणि गोवा ही दोन्ही बंदरं होती. ज्या समुद्री वाटेनं काजू ब्राझीलहून गोव्याला आला आणि कोकणच्या डोंगरांवर जणू इथलाच होऊन रुजला, त्याच वाटेनं ही भुकटीही आली. फरक एवढाच की काजूचं झाड इथे लागलं आणि भुकटीचं झाड तिकडेच राहिलं. म्हणून ती गूढ राहिली.

ते झाड दक्षिण बाहियाच्या दमट जंगलात वाढतं. १८७९ मध्ये आगियार या वनस्पतितज्ज्ञानं त्याला ‘अँडिरा अरारोबा’ हे नाव दिलं. उंच, सरळ खोडाचं झाड. त्याच्या लाकडात लांबच लांब भेगा आणि पोकळ्या असतात आणि त्यांत ही भुकटी साठते. झाड जितकं जुनं तितकी भुकटी जास्त. मजूर झाड पाडायचे, ओंडके करायचे, ते उभे चिरायचे आणि कुऱ्हाडीच्या पात्यानं भुकटी खरवडून काढायचे. खरवडताना ती उडायची. डोळे सुजायचे, चेहरा लाल होऊन उलायचा. म्हणजे मुंबईच्या दुकानात पुडी बांधली जाण्याच्या कितीतरी आधी या औषधानं भाजलेली पहिली माणसं बाहियाच्या जंगलात होती. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत, पण त्यांच्या सुजलेल्या डोळ्यांची नोंद मात्र त्या काळच्या औषधग्रंथांत आहे. औषधाच्या इतिहासात ती ओळ पुसट अक्षरात येते. खरं तर ती ठळक यायला हवी.

आता सोरायसिसचा संबंध. तो चुकीतून आला.

लंडनमध्ये त्वचारोगांच्या एका रुग्णालयात बाल्मानो स्क्वायर नावाचे शल्यचिकित्सक होते. १८७६ च्या सुमारास त्यांच्या लक्षात आलं की नायटा समजून गोवा पावडर लावलेल्या एका रुग्णाचे चट्टे साफ गेले आहेत, आणि ते चट्टे नायट्याचे नव्हतेच, सोरायसिसचे होते. सोरायसिसवर तोपर्यंत डांबर, पारा, पोटात घ्यायचा सोमल असलीच औषधं होती. स्क्वायर यांनी पावडरीचं मलम करून रुग्णांवर वापरलं आणि १८७८ मध्ये त्यावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. युरोपभरच्या त्वचारोगतज्ज्ञांनी ते मलम उचललं. कोथरूडच्या काउंटरवर नायटा आणि सोरायसिस यांत होणारी गल्लत म्हणजे त्या पहिल्या चुकीचीच वारसदार. तेव्हा त्या चुकीतून एक औषध सापडलं. आज मात्र त्याच चुकीपायी रुग्णाची कातडी जाते.

स्क्वायर यांच्या पुस्तिकेत या औषधाला ‘क्रायसोफॅनिक आम्ल’ म्हटलं आहे, कारण रसायनशास्त्रज्ञ ॲटफील्ड यांनी १८७५ मध्ये पावडरीचं पृथक्करण करून तिच्यात ऐंशी टक्क्यांहून जास्त तेच आम्ल असल्याचं सांगितलं होतं. १८७८ मध्ये लीबरमान आणि झायडलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी ते दुरुस्त केलं. पावडरीत मुळात असतं ते क्रायसारोबिन. ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि मग त्याचं क्रायसोफॅनिक आम्ल होतं. वरवर बघता हा रसायनशाळेतला बारीकसा वाद वाटेल. पण भाजण्याचं सगळं गुपित इथेच आहे. ऑक्सिजन ओढून घेण्याची ही हाव कातडीच्या आतही चालूच राहते. त्या झटापटीत अतिशय चंचल रेणूतुकडे तयार होतात. सोरायसिसमध्ये कातडीच्या पेशी बेसुमार वेगानं वाढत असतात. त्या वाढीला हे तुकडे लगाम घालतात आणि तेच आजूबाजूच्या निरोगी कातडीला दाह देतात. ऑक्सिजन घेऊन थकलेला जो गाळ उरतो तो जांभळट-तपकिरी. चादरीवरचा, बनियनवरचा, न्हाणीघराच्या फरशीवरचा डाग तोच.

क्रायसोफॅनिक आम्लाशी मराठी स्वयंपाकघराचा जुना परिचय आहे, नाव माहीत नसलं तरी. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला, वेताळ टेकडीच्या उतारावर, कोथरूडच्या रिकाम्या प्लॉटमध्ये टाकळा माजतो. त्याच्या कोवळ्या पानांची भाजी होते. बिया वाटून नायट्यावर लावतात. संस्कृतमध्ये त्याला ‘चक्रमर्द’ म्हणतात आणि ‘दद्रुघ्न’ही, म्हणजे दद्रू किंवा नायटा घालवणारा. टाकळ्याच्या बियांत हेच आम्ल असतं. स्क्वायर लंडनमध्ये पुस्तिका लिहीत होते तेव्हा कोथरूड पुण्याबाहेरचं शेतीवाडीचं गाव होतं. म्हातोबाच्या देवळाभोवतालच्या त्या गावठाणात अंगावर चकंदळ उठलं तर ब्राझीलची भुकटी कुठून मिळणार? तिथे टाकळाच वाटला जात असणार.

बाहियाच्या जंगलावर अवलंबून राहण्याची जर्मनांची वेळ पहिल्या महायुद्धात संपली, आणि तीही नाइलाजानं. समुद्राची नाकेबंदी झाली आणि अरारोबा येईना. बायर कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी मग क्रायसारोबिनच्या रेणूतला एक छोटासा तुकडा, मिथाइल गट, वगळून प्रयोगशाळेत जवळजवळ तसाच रेणू घडवला. त्याला ‘सिग्नोलिन’ हे नाव मिळालं. ड्रेस्डेनचे गालेवस्की आणि हॅम्बुर्गचे उना यांनी १९१६ मध्ये त्याचे रुग्णांवरचे अनुभव प्रसिद्ध केले. हाच आजचा डायथ्रॅनॉल. तो क्रायसारोबिनपेक्षा जोरकस निघाला, त्यामुळे लागणारी मात्रा कमी झाली, पण मात्रा चुकली तर बसणारा फटकाही वाढला.

त्याच परंपरेतलं एक जर्मन मलम इथे मुद्दाम सांगायला हवं, कारण ते कोथरूडच्या ट्यूबचं आजोबा शोभतं. ड्रॉयव नावाच्या त्वचारोगतज्ज्ञाच्या त्या मलमात सॅलिसिलिक आम्ल दहा भाग, क्रायसारोबिन वीस भाग, भूर्जवृक्षाचं डांबर वीस भाग आणि बाकी मऊ साबण व व्हॅसलीन. सॅलिसिलिक आम्ल खवले सैल करणार, डांबर खाज आणि वाढ कमी करणार, क्रायसारोबिन मुळावर घाव घालणार. आपल्याकडच्या तिहेरी मलमातही हीच त्रयी आहे, फक्त क्रायसारोबिनच्या जागी डायथ्रॅनॉल आला, भूर्जाच्या डांबराच्या जागी कोळशाचं डांबर आलं आणि प्रमाणं पुष्कळ खाली आली. ड्रॉयवचं मलम मात्र रुग्णानं दुकानातून घरी नेऊन लावायचं नव्हतं. ते लावणाऱ्याचे डोळे रोज त्या कातडीवर असायचे.

ते डोळे कसे काम करत हे बघायचं तर इंग्लंडमधल्या लीड्स शहरात जायला हवं. तिथले डॉ. जॉन इंग्रॅम यांनी १९५३ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली आणि पुढची दोन-तीन दशकं जगभरातल्या त्वचारोग वॉर्डांत ती चालली. सकाळी रुग्ण डांबर घातलेल्या कोमट पाण्यात बसायचा. मग अतिनील किरणांचा मोजका डोस. त्यानंतर परिचारिकेचं काम सुरू व्हायचं, आणि तेच खरं बघण्यासारखं. तिच्या हातात लाकडी चपटी पट्टी आणि डब्यात डायथ्रॅनॉलची पेस्ट. ही पेस्ट बर्लिनच्या ओस्कार लासार यांच्या सूत्रावर बेतलेली: शंभर भागांत झिंक ऑक्साइड चोवीस, स्टार्च चोवीस, सॅलिसिलिक आम्ल दोन आणि व्हॅसलीन पन्नास. इतकी घट्ट की अंगाच्या उबेनंही वितळून ओघळणार नाही. चट्ट्याच्या काठाला काठ लावून, एखाद्या बाईनं रांगोळीच्या रेषेत रंग भरावा तशी ती प्रत्येक चट्ट्यावर पेस्ट बसवायची. बाहेरच्या निरोगी कातडीवर व्हॅसलीनचं कुंपण. वर शंखजिऱ्याची पूड, म्हणजे पेस्ट हलणार नाही. त्यावर सुती नळीसारखं कापड. अंगभर चट्टे असलेल्या रुग्णाला हे सगळं करायला बराच वेळ लागायचा आणि दुसऱ्या दिवशी ते तेलानं पुसून काढून पुन्हा पहिल्यापासून.

त्या पेस्टमधलं दोन भाग सॅलिसिलिक आम्लही निरर्थक नव्हतं. झिंक ऑक्साइडच्या संगतीत डायथ्रॅनॉल डब्यातच नासतो. आम्ल त्याला सांभाळून धरतं. म्हणजे घट्टपणा होता तो औषध पसरू नये म्हणून, आम्ल होतं ते औषध टिकावं म्हणून, कुंपण होतं ते निरोगी कातडी वाचावी म्हणून. मात्रा टक्क्याच्या दहाव्या भागापासून, ०.१ टक्क्यापासून, सुरू व्हायची आणि कातडी काय म्हणते ते बघत बघत वाढायची. लाली आली की परिचारिका थांबायची. तीन-चार आठवड्यांत बहुतेकांची कातडी स्वच्छ व्हायची. जिथे चट्टा होता तिथे काही दिवस फिकट ठसा आणि भोवती तपकिरी रंग, आणि तोही यथावकाश जायचा.

इंग्रॅम यांची पद्धत मागे पडली ती दोन कारणांनी. आठवडेच्या आठवडे वॉर्डात राहणं महाग आणि अवघड. दुसरं कारण स्टिरॉइड. १९५२ मध्ये हायड्रोकॉर्टिसोनचं मलम कातडीच्या रोगांवर चालतं असं अमेरिकेत दाखवलं गेलं आणि मग एकाहून एक जोरकस स्टिरॉइड मलमं आली. डाग नाही, आग नाही, वास नाही. लावलं की दोन दिवसांत लाली उतरते. त्यांची किंमत पुढे कळली: पातळ पडणारी कातडी आणि अचानक सोडलं की दुपटीनं उसळून येणारा सोरायसिस. पण तोवर डायथ्रॅनॉल लावण्याची हातोटी बऱ्याच ठिकाणी विसरली गेली होती. औषध उरलं, हात गेले.

१९८० मध्ये मात्र एक फार साधी गोष्ट समोर आली. शेफर, फार्बर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की सोरायसिसच्या चट्ट्यावरची कातडी वरून जाड दिसली तरी तिची तटबंदी मोडलेली असते, त्यामुळे डायथ्रॅनॉल तिच्यात झपाट्यानं शिरतो. शेजारच्या निरोगी कातडीत शिरायला त्याला बराच वेळ लागतो. मग रात्रभर ठेवायचंच कशाला? दहा मिनिटं, वीस मिनिटं, फार तर अर्धा तास ठेवा आणि धुऊन टाका. चट्ट्याला हवं तेवढं औषध पोहोचलेलं असतं आणि निरोगी कातडीची पाळी येण्याआधीच ते निघून जातं. यालाच पुढे अल्पकाळ लावण्याची पद्धत म्हणू लागले. तोवर जे काम घट्ट पेस्ट आणि परिचारिकेचा हात करत होता, त्यातलं पुष्कळसं काम आता घड्याळ करू लागलं.

याच कारणानं ‘‘रात्री लावा’’ या दोन शब्दांत धोका आहे. सगळी रात्र मिळाली की निरोगी कातडीही भरून जाते. त्यातही डायथ्रॅनॉलचा दाह लगेच दिसत नाही. लावल्यापासून दोन-तीन दिवसांनी तो शिगेला जातो. पहिल्या सकाळी काही झालं नाही म्हणून दुसऱ्या रात्री हात सैल सोडणाऱ्या माणसाचा यात काहीच दोष नाही. आग उशिरा लागते हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. जांघ, काख, स्तनांखालची घडी इथे कातडी पातळ आणि घाम साचलेला. तिथे सर्वांत जास्त भाजतं. चेहऱ्याला किंवा बोटावरून डोळ्याला लागलं तर बाहियाच्या मजुरांसारखे डोळे सुजतात. वरून पट्टी किंवा प्लॅस्टिक गुंडाळलं तर औषध आणखी खोल जातं.

उशिरा लागणारी आग मराठी घरांना अनोळखी नाही. तिच्यासाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे: उतणे. ‘बिब्बा उतला’ म्हटलं की जुन्या माणसांच्या डोळ्यांसमोर पुरळ, फोड आणि सूज येते. बिब्ब्याच्या टरफलातलं काळं तेल भेगाळलेल्या टाचेला, काट्याच्या जखमेला लावायची रीत होती. बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरायचा, तेलाचा थेंब सुटला की तो टिपायचा. कुणाला काही होत नसे, कुणाला दोन दिवसांनी हात कोपरापर्यंत उतत असे. मग खोबरेल चोळायचं, तीळ-खोबरं खायला द्यायचं. धोबी कपड्यांवर खूण करायला हेच तेल वापरत. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन शिपायांच्या मानेवर आणि कमरेवर त्या खुणेच्या जागी चट्टे उठू लागले आणि १९४३ मध्ये त्यांच्या डॉक्टरांनी त्यावर लेख लिहिला. बिब्ब्याच्याच कुळातला काजू. कच्चा काजू दातांनी फोडून ओठ भाजून घेतलेली मुलं कोकणात आणि गोव्यात प्रत्येक पिढीत असतात.

बिब्बा आणि डायथ्रॅनॉल यांच्या भाजण्यात एक भेद मात्र समजून घ्यायला हवा. बिब्बा उतणं ही ॲलर्जी आहे. ज्याच्या शरीराला तो चालत नाही त्याला एक थेंबही पुरतो. डायथ्रॅनॉल बहुधा तसा निवडून कुणाला भाजत नाही. पुरेशी मात्रा आणि पुरेसा वेळ मिळाला तर तो कुणाचीही कातडी भाजतो. म्हणून ‘मला सहन होतं’ या भरवशावर मात्रा वाढवत जाणं चुकीचं आहे.

बावचीची गोष्टही याच ओळीतली. कोडावर बावचीच्या बिया किंवा तेल लावून उन्हात बसायचं, हा इलाज आयुर्वेदाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १९३० च्या दशकात भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी बावचीच्या बियांतून सोरालेन वेगळं काढलं आणि १९७४ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी त्याच जातीचं औषध देऊन मोजक्या अतिनील किरणांखाली सोरायसिस बरा करून दाखवला. घरगुती बावची आणि पुण्याचं दुपारचं ऊन यांत मोजमाप नसतं. त्यातून आलेले पाण्याचे फोडही दोन-तीन दिवसांनीच पूर्ण वर येतात. चंचल औषध, उशिराचा दाह आणि हातात घड्याळ नाही. तिन्ही ठिकाणी एकच घोटाळा.

या सगळ्यांच्या मुळाशी ती जुनी समजूत आहे: चरचरलं की लागू पडलं. ती निव्वळ अडाणीपणातून आलेली आहे असं म्हणणं अन्यायाचं होईल. जखमेवर टिंक्चर चरचरायचं आणि जखम खरंच बरी व्हायची. कितीतरी वर्षं त्वचारोगतज्ज्ञांमध्येही वाद होता की डायथ्रॅनॉलची लाली हा गुणाचाच भाग आहे का. अल्पकाळ लावण्याच्या पद्धतीनं बऱ्याच अंशी त्याचं उत्तर दिलं. लाली फारशी न येताही चट्टा जातो. हे उत्तर मिळून चाळीसहून जास्त वर्षं उलटून गेली आहेत, तरी रुग्णापर्यंत ते पोहोचलेलं नाही.

आणि सोरायसिसमध्ये भाजणं हे बाकीच्या भाजण्यासारखं नाही. जर्मन डॉक्टर हाइनरिश केब्नर यांनी १८७२ मध्ये नोंदवून ठेवलं होतं की या रुग्णांना जिथे खरचटतं, चावा बसतो, गोंदवलं जातं, नेमकं तिथेच नवा चट्टा उगवतो. घोडा चावलेल्या जागी, गोंदणाच्या रेघेवर. आजही त्याला केब्नरचीच खूण म्हणतात. म्हणजे चट्टा जाळायला लावलेल्या मलमानं भोवतालची निरोगी कातडी भाजली तर काही आठवड्यांनी त्या भाजलेल्या कड्याच्या आकाराचाच नवा सोरायसिस उठू शकतो. एका रुपयाएवढा चट्टा तळहाताएवढा होतो. माणूस म्हणतो, रोग चिघळला. खरं तर त्याला नवी जागा करून दिली गेलेली असते.

भारतात सोरायसिसचं प्रमाण वेगवेगळ्या पाहण्यांत ०.४४ ते २.८ टक्क्यांपर्यंत आढळलं आहे. खालचाच आकडा धरला तरी कोथरूडसारख्या उपनगरात शेकडो घरांत हा रोग आहे. आणि तरी तो लपवला जातो, कारण अंगावरच्या चट्ट्याला आपल्या भाषेनंच फार पूर्वी एक जड नाव दिलं. चरकाच्या अठरा कुष्ठांत माशाच्या खवल्यांसारखं दिसणारं एककुष्ठ आहे. वर्णन सोरायसिसच्या जवळ जातं, पण नाव कुष्ठ. युरोपातही १८४१ मध्ये व्हिएन्नाच्या हेब्रा यांनी दोन्ही वेगळे करीपर्यंत ‘लेप्रा’ हा शब्द सोरायसिसला चिकटलेला होता. म्हणून तर तो माणूस गर्दी पांगायची वाट बघतो, म्हणून तर आवाज खाली येतो, म्हणून डॉक्टरकडे जायच्या आधी काउंटर गाठला जातो. त्वचारोगतज्ज्ञांच्या पाट्या कर्वे रस्त्यावर कमी नाहीत. पण तिथे बाही वर करण्याआधी नाव सांगावं लागतं.

त्यामुळे या कथेतली सगळ्यात महत्त्वाची जागा तो काउंटरच आहे. ट्यूब परत घेऊन, लाल झालेली जांघ सांगत कुणी आलं तर मलम बंद, भरपूर साध्या पाण्यानं धुणं, वर कुठलंही दुसरं जळजळीत औषध न चोळणं आणि त्याच दिवशी त्वचेच्या डॉक्टरकडे पाठवणं एवढं तरी तिथून होऊ शकतं. त्याच्याही आधी, विकताना, आणखी एक गोष्ट होऊ शकते. कोथरूडमधले दुकानदार गोळ्यांच्या पट्टीवर पेनानं न चुकता खुणा करतात, सकाळी एक, रात्री एक. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी उभ्या रेघा ओढतात. मलमाच्या खोक्यावर ते सहसा काही लिहीत नाहीत, आणि त्या खोक्याच्या पाठीवर एक हातभर मजकूर बारीक अक्षरात असतो. पण वरच्या झाकणावर पांढरी जागा मोकळी असते. ‘फक्त चट्ट्यावर. अर्धा तास. धुवा. जांघेत नाही.’ एवढे शब्द तिथे सहज मावतात.